शिशाच्या विटांमागची पाच बुचं

चौथ्या उंदराच्याही गळ्यापाशीच यंत्र कडाडलं.

सहायक प्रेमिला गजभियेनं किरणोत्सार मोजायची नळी उंदराच्या मांडीवरच्या गाठीपाशी नेली. तिथं तुरळक टिकटिक. गळ्यापाशी मात्र कल्लोळ.

"परत तेच," डॉ. वसंत पाटणकर म्हणाले. "अँटिबॉडीनं आयोडीन धरलंच नाही. सुटं राहिलं आणि गळ्यातल्या थायरॉइडमध्ये जाऊन बसलं."

कर्करोगाची गाठ ओळखून तिला चिकटणारी अँटिबॉडी, आणि तिच्यावर चढवलेलं किरणोत्सारी आयोडीन. म्हणजे गाठीला घरपोच किरणोपचार. १९८३ सालच्या नागपुरात पाटणकर तीन वर्षं त्यासाठी झटत होते. आयोडीन मुंबईहून विमानानं यायचं आणि आठ दिवसांत निम्मं व्हायचं. दोन महिन्यांत चार खेपा वाया गेल्या होत्या.

"फ्रीज उघडा राहतो. अँटिबॉडी खराब होते. दुसरं काय?" पाटणकर म्हणाले.

टेबलावर टाइप केलेला कागद होता. प्राणिघरातला परिचर बळीराम याला सोमवारपासून कामावरून कमी करावे. सही तेवढी बाकी होती.

"सर, संध्याकाळपर्यंत थांबाल?"

"दोन महिने थांबलोच आहे," ते वैतागून म्हणाले.

प्रेमिला प्राणिघरात गेली, तेव्हा बळीराम पिंजरे धूत होता.

"बळीरामभाऊ, फ्रीज कोन उघडते?"

"मीच. सकाळी उघडतो, तापमान लिवतो, बंद करतो. कागद पाहा ना."

तापमानाचा कागद चोख होता. रोज चार अंश.

"मंग सर तुमच्यावर काहून चिडून राहिले?"

"कोनावर तरी चिडाच लागते न, बाई. उंदरावर चिडून काय भेटते?" त्यानं तपकिरी डाग पडलेली करंगळी दाखवली. "हे तं चावते बी. पन साहेब मनानं चांगले हायेत. चावलं का सोता टिंचर लावून देतात. पहिले ऑपरेशनवाले डॉक्टर होते न, बाटली टेबलावरच राहते."

फ्रीज ठीक, तर अँटिबॉडीही ठीक. गेल्या महिन्यात सर रजेवर असताना प्रेमिलानं एकटीनं आयोडीन चढवलं होतं. तेव्हा ते नीट बसलं होतं. सरांनी त्याला नशीब म्हटलं होतं. प्रेमिलाला नशीब हे उत्तर पटत नसे.

किरणोत्सारी कचरा लगेच फेकत नाहीत. तो निवेपर्यंत शिशाच्या विटांमागे ठेवतात. सरांच्या चार आणि तिची एक, अशा पाचही कुप्या तिथंच होत्या. तिनं चिमट्यानं एकेक उचलून रबरी बूच भिंगातून पाहिलं. चार बुचांवर सुईच्या छिद्राभोवती फिकट तपकिरी कडं होतं. तिच्या कुपीचं बूच स्वच्छ होतं.

ताज्या खेपेतलं थोडं आयोडीन उरलं होतं. दुपारी तिनं अँटिबॉडीच्या दोन कुप्या मांडल्या.

"एक तुम्ही करा, सर. नेहमी करता तसंच. एक मी."

"त्यानं काय कळणार?"

"करा तर."

पाटणकरांनी हातमोजे चढवले. कापूस बाटलीत बुडवला, बूच पुसलं, सुई टोचली. त्यांचं स्वतःचंही हाताकडे लक्ष नव्हतं. प्रेमिलानं आपलं बूच स्पिरिटनं पुसलं.

मग दोन्ही कुप्यांतला एकेक थेंब कागदी पट्ट्यांच्या तळाशी लावून पट्ट्या द्रवात उभ्या केल्या. अँटिबॉडी तळाशीच राहते. सुटं आयोडीन द्रवाबरोबर वर पळतं.

प्रेमिलाच्या पट्टीवर यंत्र तळाशी कडाडलं. पाटणकरांच्या पट्टीवर टोकाशी.

"तुम्ही बूच कशानं पुसलंत, सर?"

पाटणकरांनी टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं.

"टिंचरमध्येही आयोडीनच असतं. साधं," ती म्हणाली. "मुंबईचं आयोडीन वजनात नगण्य. सुईबरोबर आत गेलेला टिंचरचा अंश त्याच्या हजारपट भरतो. अँटिबॉडीवरच्या जागा तोच आधी अडवतो. चारही बुचांवर डाग आहेत. माझ्या बुचावर नाही, कारण तेव्हा तुम्ही रजेवर होता."

"एश्टीत खिडकीतून रुमाल टाकते, तसं," दारातून बळीराम म्हणाला.

"बारा वर्षं शस्त्रक्रिया केल्या. बूच पुसल्याशिवाय सुई टोचली नाही." पाटणकरांनी हातमोजे ओरबाडून काढले. "चार खेपा! आणि मी फ्रीजवर खापर फोडत बसलो."

"फ्रीजवर नाही, सर," प्रेमिला म्हणाली.

त्यांनी टेबलावरचा कागद फाडला. मग टिंचरची बाटली बळीरामच्या हातात ठेवली.

"ही प्राणिघरात ठेव. पुन्हा माझ्या टेबलावर दिसली, तर मेमो."

बळीरामनं बाटली खिशात घातली.

"मेमो कोनाले, साहेब?"



"मला," पाटणकर म्हणाले.