थंडीची वाट

"अरे फ्रेडी, बटाटे तुडवायचे असतात, लाथाडायचे नसतात! फुटबॉल वाटला का तुला?"

इलारीने दटावलं तसा फ्रेडी ओशाळून थांबला. सुट्टीला तो कुस्को शहरातून मावशीकडे आला होता आणि चुन्यो करायला हौसेने अनवाणी उतरला होता. माळावर पसरलेले बटाटे रात्री गोठायचे, सकाळच्या उन्हात सैलावले की तुडवून त्यांचं पाणी काढायचं. असं करत वाळले की झाला वर्षानुवर्षं टिकणारा चुन्यो! पण यंदा तुडवायचं काय? बटाटे गोठतच नव्हते. काही तर मऊ पडून वास मारायला लागले होते.

"डोंगरदेव रुसलेत, दुसरं काय!" इलारीची आई, दोमिंगा मावशी म्हणाली. एक नासका बटाटा तिने दूर भिरकावला. सगळं पीक तिने याच माळावर पसरलं होतं. ते नासलं तर पुढच्या पिकापर्यंत चुलीवर काय चढणार? इलारीला आईच्या तोंडाकडे बघवेना.

तेवढ्यात इलारीचा धाकटा भाऊ मेल्चोर लामांचा कळप हाकत वरून आला. गालात काहीतरी कोंबलेलं होतं.

"काय चघळतोयस रे?"

"बर्फ! भिंतीपलीकडच्या डबक्यातला. लामांना पाणी पाजायला दगडाने फोडावा लागला."

इलारी आणि फ्रेडीने एकमेकांकडे पाहिलं. भिंतीच्या वरच्या अंगाला बर्फ, आणि खाली बटाटे मऊ?

तिघं पळत भिंतीपाशी गेली. उतारावर आडवी पसरलेली ती इंकांच्या वेळची भिंत. फ्रेडीने पायथ्याशी बोट खुपसलं. "इथला चिखल नवा आहे!"

"अगं बाई, इथे तर भोकं होती," इलारी म्हणाली. "मी यातून कोकरं ढकलायचे! बुजवली कुणी?"

"सातुर्निनो काकांनी," मेल्चोर म्हणाला. "मी चिखल मळून दिला ना!"

सातुर्निनो काका म्हणजे गावचे प्रमुख. भोकं बुजल्यामुळे थंडी भिंतीपलीकडेच अडते, हे मुलांचं म्हणणं ऐकून ते पोट धरून हसले. "थंडीला काय पाय असतात? पाहुणे येणार आहेत गावात. भिंत पडकी दिसली तर अब्रू जाईल आपली. चला, पळा!"

"सांगून पटत नाही ना? मग दाखवू," इलारी पुटपुटली.

दिवस मावळताना फ्रेडी काकांच्या दारात हजर. "काका, तुमची भिंत बघत बघत सूप प्यायला चला ना!"

काका फुशारून आले. मुलांनी त्यांना भिंतीच्या वरच्या अंगाला बसवलं. थोड्याच वेळात त्यांचे दात वाजू लागले.

"भलताच गारठा आहे रे इथे!"

"मग पलीकडे बसू या की!"

भिंतीच्या खालच्या अंगाला येऊन काकांनी अंगावरचा लोकरी पोंचो सैल केला. "हां, इथे कसं ऊबदार..." म्हणता म्हणता त्यांचा हात वाडग्यासकट थांबला.

वर उतारावर इलारीने ओल्या गवताची धुनी पेटवली होती. धूर आकाशात गेलाच नाही. जमिनीलगत सरपटत तो खाली आला आणि भिंतीला अडून वरच्याच अंगाला साचून राहिला.

"थंडीला पाय नसतात, काका," इलारी वरून ओरडली, "पण खाली उतरायला वाट लागतेच की!"

काका उठून भिंतीपाशी गेले. मग त्यांनी टोपी काढली. "मला वाटलं, पडझड झालीये. बांधणाऱ्यांनी ती भोकं मुद्दाम ठेवली होती, आणि मी शहाणा निघालो दुरुस्तीला!" त्यांनी स्वतः भोकात बसवलेला पहिला दगड उपसला. धूर भोकातून सुळकन त्यांच्या पायांपाशी आला. मग चौघं मिळून काळोख पडेपर्यंत दगड काढत राहिली.

सकाळी दोमिंगा मावशीने दोन बटाटे एकमेकांवर आपटले. खट्! खट्! ती हसली आणि शालीच्या टोकाने डोळे पुसत राहिली.

काका चिचाचं, म्हणजे मक्याच्या दारूचं मडकं घेऊन आले. पहिले थेंब त्यांनी भिंतीच्या भोकांपाशी धरणीमातेला वाहिले. "शाब्बास रे पोरांनो! पाहुण्यांना ही भोकं तुम्हीच दाखवायची. आणि माझी चूकही सांगायची बरं का!"

"सगळी?" मेल्चोरने विचारलं.

"सगळी! चिखल कुणी मळला तेसुद्धा!"

मेल्चोर इलारीच्या मागे लपला. ऊन वर आलं, बटाटे सैलावू लागले. मावशीने फ्रेडीच्या पाठीत धपाटा घातला.

"बघतोस काय? उतर! आज हवं तर फुटबॉल समज!"