सतरा नंबरचं रक्त

ती रक्तपेढीच्या खिडकीशी भांडायला गेली आणि तिथेच अडकली, एवढीच ही गोष्ट. पण सांगायचीच तर नीट सांगायला हवी.

मलेरियाचा एक परजीवी असा नखरेल, की प्रयोगशाळेतल्या ताटलीत काही केल्या नांदत नाही. कितीही लाड करा, चार दिवसांत मान टाकतो. मग त्याच्यावर लस शोधायची कशी? तर त्याचा एक चुलतभाऊ आहे, मूळचा माकडांच्या अंगातला. तो मात्र गुणी. माणसाचं ताजं रक्त दिलं की ताटलीत सुखाने संसार करतो. घराणं एकच, त्यामुळे रक्ताच्या पेशीत शिरायच्या किल्ल्याही बऱ्याचशा सारख्या. चुलतभावाच्या खिशातली किल्ली ओळखायची आणि तीच निकामी करणारी लस शोधायची, म्हणजे नखरेल भाऊही दाराबाहेर! हे तिचं काम. त्यासाठी दर मंगळवारी ती बर्फाची पेटी घेऊन रक्त न्यायला यायची. त्या मंगळवारी खिडकीत नवाच माणूस बसला होता आणि म्हणत होता, "आज नाही."

"नाही म्हणजे? तो काय उपास करणार?"

"तो कोण?"

"माझा परजीवी."

"अस्सं... मला वाटलं, घरी कुणी वाट बघतंय."

आणि तो हसला. त्या हसण्याने खिडकीची काच बोटभर पुढे सरकली, असं ती अजून शपथेवर सांगते. काच सिमेंटात पक्की बसवलेली आहे, हा भाग वेगळा.

नेहमीचा रक्तदाता गाव सोडून गेला होता. "दुपारी या," तो म्हणाला, "बघतो काही जमतंय का." दुपारी लहानशी बाटली तयार होती. नियमाप्रमाणे नाव नाही, नुसता आकडा : सतरा. गट ओ.

मग दर मंगळवारी सतरा नंबरची बाटली आणि दर मंगळवारी थोडं जास्त बोलणं. एकदा ती बाहेरून पेटीसाठी बर्फ घेऊन पावसातून आली तर चष्म्यावर थेंबच थेंब. त्याने काही न बोलता खिडकीतून कापूस पुढे केला.

"चष्मा कापसाने पुसतात?"

"इथे दुसरं काय मिळणार? सुई देऊ?"

ती हसली आणि पेटी तिथेच विसरून निघाली. तेवढंच त्याला तिला मागून हाक मारायला निमित्त झालं.

इकडे ताटल्यांत मात्र अवकळा. गोठवून ठेवलेली एक कुपी तिने उघडली, परजीवी मेले. दुसरी उघडली, मेले. तिसरीही गेली. तिने पाणी तपासलं, औषधं तपासली, तापमान तपासलं, स्वतःचे हात सतरा वेळा धुतले. रक्त तपासायचं मात्र सुचलंच नाही. त्या खिडकीतून आलेल्या वस्तूत काही खोट असेल, हे मनाला पटतच नव्हतं. विभागप्रमुख मोठ्या बाई येऊन गेल्या. "शुक्रवारी ताटलीत जीव दिसला नाही, तर हे काम बंद. मी जागा दुसऱ्याला देऊन टाकणार."

एकच कुपी उरली होती.

बुधवारी तिने मेलेल्या ताटलीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि बघतच राहिली. परजीवी पेशींना नाक लावून बाहेरच उभे. आत एकही नाही.

ती तशीच खिडकीशी गेली. "सतरा नंबर यादीतून काढा."

त्याचा चेहरा उतरला. "का? काही... आजार आहे का?"

"छे, माणूस ठणठणीत आहे. काही थोड्या लोकांच्या पेशींना दार असतं, पण याची किल्ली जिला लागते ती कडीच नसते. हा चोर येतो, चाचपतो आणि दाराशीच मरतो. त्याचं भाग्य हो! पण माझे तीन आठवडे गेले."

त्याने पेन उचललं. सतरावर रेघ ओढायला त्याला इतका वेळ लागला, की तेवढ्यात एखाद्याने शंभरपर्यंत पाढे म्हटले असते. हात लांबवताना बाही वर सरकली. कोपराच्या खोबणीत चिकटपट्टी, शेजारी सुईच्या खुणा.

"हे काय?"

"मांजर चावलं."

"नेमकं शिरेवर?"

"...शिकलेलं मांजर आहे."

तिने वाकून खुणा मोजल्या. शेवटी तोच म्हणाला, "पहिल्या दिवशी तुम्ही रिकामी पेटी उचललीत ना... ते बघवलं नाही. माझा गट ओ. वाटलं, दोन चमचे रक्ताने काय बिघडतंय! आणि तुमचं वाटोळं केलं."

तिला रागवायचं होतं. पण जो माणूस गुपचूप स्वतःची शीर टोचून घेतो, त्याच्यावर रागवायला तरी कुठून सुरुवात करायची?

"केलंत ना वाटोळं? आता निस्तरा," ती म्हणाली. आवाज मात्र भलताच मऊ निघाला. "उद्या सकाळी ओ गटाचा, कडीवाला माणूस हवा."

सकाळी खिडकीच्या आत त्याच्या शेजारी त्याची आई बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून.

"ही का ती?"

"आई, तू रक्त द्यायला आली आहेस."

"हात सुईला दिलाय. डोळे मोकळेच आहेत की!"

तपासणीत काकूंच्या पेशींना कडी निघाली. "मग याला कशी नाही?" काकूंनी विचारलं. आईकडे एक कडीची बाजू असू शकते, एक बिनकडीची, आणि आई-बाप दोघांकडूनही बिनकडीचीच आली की मुलाला कडी नाही, असं तिने समजावलं. काकूंनी सुस्कारा सोडला. "माझ्यातलं चांगलं काही यानं घेतलंच नाही बघ. नाकसुद्धा बापाचं."

त्या रक्तात तिने शेवटची कुपी उघडली. शुक्रवारी मोठ्या बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. पेशीपेशीत परजीवी शिरलेले, टवटवीत. "चालू ठेवा," एवढंच म्हणून त्या गेल्या.

ती तीन जिने उतरून धावत आली. धाप लागलेली, केस सुटलेले.

"जगला?" त्याने विचारलं.

"जगला. कामही वाचलं."

"चला, सुटलो." त्याने उगाच कागद सारखे केले. "आता मंगळवारी आई येत जाईल. माझं रक्त काय, कुचकामी..."

"रक्त नकोच आहे मला. रक्त वगळून जो माणूस उरतो ना... तो हवाय."

कागद हातातच राहिले.

"ते वगळलं तर मी फारसा उरत नाही," तो हळूच म्हणाला.

"जेवढा उरशील तेवढा."

मागून काकूंचा आवाज आला, "अरे, बाहेर जा की! काचेतून काय बोलतोस तिच्याशी!"

आणि तो उठला. खिडकीच्या या बाजूला आला तेव्हा तिला कळलं, हा तर आपल्यापेक्षा चार बोटं बुटका आहे. तिने उंच टाचांच्या चपला काढून हातात घेतल्या, आणि जगलेला परजीवी बघायला दोघं जिना चढू लागले.