वारेची गाठ

"एका वेळी एकानंच बोला," डॉ. शबाना मुजावर तिसऱ्यांदा म्हणाल्या आणि तिसऱ्यांदाही कोणी ऐकलं नाही.

मिरजेच्या त्या पेशी-प्रयोगशाळेतली खोली लहान होती. शाल्मलीची आई अर्चनाताई जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. सासू वैशालीताईंनी कुठल्याशा वैद्याचं चूर्ण आणलं होतं. नवरा निनाद शर्टाची बाही वर करूनच बसला होता, जणू सुई आत्ताच टोचणार होती. आणि जिच्या फुफ्फुसात गाठीचे ठिपके पसरले होते ती शाल्मली ओढणीआड सात महिन्यांच्या इराला पाजत होती. तिला अजून कोणी काही विचारलंच नव्हतं.

"माझं रक्त घ्या," निनाद म्हणाला. "आमचा गट एकच आहे."

"रक्तगटाचा प्रश्नच नाही." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नीट ऐका. ही गाठ शाल्मलीच्या स्वतःच्या पेशींची नाही. ती गर्भाला पोसणाऱ्या वारेच्या पेशींपासून झाली आहे. वार वाढते आईच्या पोटात, पण असते बाळाची. म्हणजे गाठीतला निम्मा वारसा शाल्मलीचा आणि निम्मा निनादचा. शरीरात परक्याला हुडकणाऱ्या पहारेपेशी असतात. गर्भारपणात त्या या परक्या निम्म्याकडे काणाडोळा करायला शिकतात, नाहीतर कुठलंच बाळ टिकलं नसतं. त्याच सवलतीवर ही गाठ जगते आहे. आणि ही जात इतकी दुर्मीळ आणि चिवट आहे, की औषधांना दाद देत नाही."

"म्हणजे माझ्या मुलामुळे झालं?" वैशालीताईंनी विचारलं.

"कोणामुळेही झालेलं नाही."

"आत्ता तुम्हीच म्हणालात."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा घातला. "आपल्याला बाहेरून पहारेपेशी आणायच्या आहेत. त्यांना शाल्मली आपली वाटली पाहिजे आणि निनादचा निम्मा वारसा परका. गर्भारपणात आईच्या थोड्या पेशी मुलीत उतरतात आणि मुलीच्याही थोड्या आईत. त्या वर्षानुवर्षं एकमेकींत राहतात, म्हणून शाल्मली आणि अर्चनाताईंची शरीरं एकमेकींना सांभाळून घेतात. तेव्हा पेशी अर्चनाताईंच्या घ्यायच्या आणि त्यांना निनादच्या पेशींवरच्या ओळखखुणा शिकवायच्या."

"मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय, मला तपासा!" अर्चनाताई विजयी स्वरात म्हणाल्या.

"पण त्या पेशी दुधातून इराच्या पोटात जातील. इराही निम्मी निनादचीच आहे. त्या तिच्यावरही उठतील. उपचार सुरू होण्याआधी दूध तोडावं लागेल."

मग सगळे एकदम बोलू लागले. डब्यातलं दूध, नाचणीची पेज, कोणाच्या तरी भाचीचं बाळ.

"गप्प बसा सगळे!" शाल्मली ओरडली. इरा दचकून रडू लागली. "मी काय खायचं, कधी झोपायचं, कोणाला भेटायचं, सगळं तुम्ही ठरवता. हे एवढं एक माझं उरलं होतं. तोडते मी दूध. पण बाटली कोण देणार यावरून माझ्यासमोर भांडू नका."

परतताना गाडीत त्यावरूनच भांडण झालं. शिवाय इराने बाटली तोंडाला लावू दिली नाही. आठवडाभर घरात तीच रड होती: एक आजी बाटली पुढे करायची, दुसरी दूध फार गरम असल्याचं सांगायची, इरा दोघींच्या अंगावर उडवायची, आणि शेवटी शाल्मली सगळ्यांकडे पाठ करून तिला जवळ घ्यायची.

पुढच्या भेटीत गाठीच्या ओळखखुणांचा नकाशा तयार होता. डॉक्टर तो बराच वेळ पडद्यावर पाहत राहिल्या.

"ही गाठ इराच्या वेळची नाही," त्या म्हणाल्या. "यात मुलाचं गुणसूत्र आहे. इराच्या आधी एक गर्भ राहिला होता."

"शक्यच नाही," निनाद म्हणाला.

"एकदा पाळी लांबली होती," शाल्मली हळू आवाजात म्हणाली. "मग आली, जरा जास्तच. प्रवासाची दगदग म्हणून सोडून दिलं मी."

"नातू होता?" वैशालीताईंचा आवाज फुटला. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला.

"अहो, इथे माझी मुलगी समोर बसलीय!" अर्चनाताई भडकल्या.

"थांब, मम्मी." शाल्मली सासूकडे वळली. "आई, तो नातू झालाच नाही. जे उरलं ते माझ्या फुफ्फुसात आहे. त्याच्यासाठी रडायचं तर रडा. पण मी अजून जिवंत आहे."

"तुझ्यासाठी रडायला तू देतेस कुठे?" वैशालीताई उसळून म्हणाल्या. "डोळ्यांत पाणी दिसलं की खोलीबाहेर काढतेस!"

शाल्मली इराचं टोपडं सारखं करू लागली.

"मला बोलू द्याल का?" डॉक्टर जवळजवळ ओरडल्याच. "बातमी चांगली आहे. निनादकडे ओळखखुणांचे दोन संच आहेत, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. प्रत्येक मुलाला त्यातला एकच मिळतो. गाठीत आईकडचा संच आहे. इराला निनादच्या वडिलांकडचा मिळाला आहे. पेशींना फक्त आईकडचा संच शिकवला, तर त्या इराला हात लावणार नाहीत. दूध तोडायची गरज नाही."

शाल्मलीने इराला छातीशी घट्ट धरलं. निनादने पुन्हा हात पुढे केला.

"तुमचं रक्त नको! तुमच्यात दोन्ही संच आहेत. त्या रक्तावर शिकलेल्या पेशी इरालाही शत्रू मानतील. आणि गाठीचा तुकडा तपासणीतच संपला, फुफ्फुसातून दुसरा काढणं धोक्याचं आहे. निनादचा आईकडचा संच आहे आणि वडिलांकडचा नाही, असं माणूस हवं." डॉक्टर वैशालीताईंकडे वळल्या. "तुम्ही."

वैशालीताईंनी तोंडाशी धरलेला रुमाल खाली घेतला.

"म्हणजे विहीणबाईंच्या पेशींना माझं रक्त दाखवून शिकवणार, की हा शत्रू?"

"हो."

"फार वेळ नाही लागायचा शिकायला," अर्चनाताई पुटपुटल्या.

निनादला हसू आवरेना. शाल्मली हसता हसता खोकू लागली. वैशालीताई मात्र पडद्यावरच्या नकाशाकडे बघत होत्या.

"माझ्यावर गेला होता म्हणजे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी निनादला बाजूला सारलं, खुर्ची ओढली आणि हात टेबलावर ठेवला. "घ्या. किती हवं तेवढं घ्या."

उपचार सोपे गेले नाहीत. शाल्मली तापाने फणफणली, आणि कपाळावरची पट्टी कोणी बदलायची यावरून दोन्ही आज्यांनी एकमेकींशी अबोला धरला. पण दर तपासणीत फुफ्फुसातले ठिपके विरत गेले आणि वर्षाखेरीस पडद्यावर एकही उरला नाही. इरा तोवर चालू लागली होती.

"आता दोन सूचना," शेवटच्या भेटीत डॉक्टर म्हणाल्या. "या पेशी जन्मभर शाल्मलीच्या शरीरात राहतील. पुन्हा मूल हवं असेल तर आधी मला भेटा, कारण इराचा संच मिळालेलंच मूल टिकेल. दुसरं, वैशालीताईंचं रक्त शाल्मलीला कधीही चढवायचं नाही. तिच्या शरीराने त्यांना कायमचं परकं ठरवलं आहे."

"ठरवू दे," वैशालीताई वैतागून म्हणाल्या. "शाल्मली, ती शाल घे आधी अंगावर. पंख्याखाली काय बसलीयेस?"