फणेरपेटीची बिजागरी

माझा भुताखेतांवर विश्वास नाही, लूज कॉन्टॅक्टवर आहे. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत विजेचे रिले बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं काढली, जवळजवळ सगळी दुपारच्या पाळीत, आणि तिथे एक शिस्त अंगात भिनली. यंत्र विचित्र वागायला लागलं की आधी सोल्डर तपासायचं, मग वायर, मग स्वतःचे डोळे. कारखाना बंद पडल्यावर नाचणे गावातल्या घराच्या पडवीतच मोबाइल दुरुस्ती सुरू केली. गिऱ्हाईक बेताचंच असतं, पण एकट्या माणसाला पुरतं.

एकटा म्हणजे, माझी बायको दमयंती जाऊन चौदा महिने झाले, आणि मुलगी मृणाली नोकरीनिमित्त डोंबिवलीला असते.

घडीचा फोन हे दमयंतीचं वेड. तिच्याकडे पूर्वी एक लाल रंगाचा, मिटायचा फोन होता. बोलणं झालं की ती तो टक् करून बंद करायची. तो बिघडला, त्याचे भाग कुठे मिळेनात, तेव्हा मी तिच्या हातात साधा सपाट फोन दिला. तो तिला कधीच आवडला नाही. "बोलणं संपलं हे हाताला कळायला नको?" ती म्हणायची. "ह्याच्यावर नुसतं बोट लावायचं. दार न लावता कुणी निघून गेल्यासारखं वाटतं." पुढे मारुती मंदिराजवळच्या एका दुकानात तिने नवा घडीचा फोन पाहिला, पडदाच मधोमध दुमडणारा. तिने तो उघडला, मिटला, परत उघडला, आणि किंमत ऐकल्यावर हळूच काचेवर ठेवून दिला. बाहेर आल्यावर मी ऐटीत म्हणालो, "त्यात काय एवढं? मी घरी बनवून देतो."

"कधी?"

"देतो गो."

त्यानंतर ती पाच वर्षं होती. मी फोन बनवला नाही.

गेल्या दिवाळीनंतर बसलो एकदाचा. मुंबईच्या एका भंगारवाल्याकडून मोडका घडीचा फोन मागवला. आतलं सर्किट ठणठणीत, पडदा शाबूत, फक्त बिजागरीचा चुरा झालेला. भंगारवाला फोनवर म्हणाला, "काका, पडदा थकलेला आहे. तीन-साडेतीनशे घड्या देईल, नंतर भरवसा नाही." हा पडदा पापडासारखा मोडता येत नाही. तो घावनासारखा, आत थोडी पोकळी ठेवून दुमडावा लागतो, नाहीतर घडीवर काळी रेघ येते आणि मग ती पसरत जाते. मी अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या कापून घासल्या. पण बिजागरी काही जमेना. चष्म्याची लावून पाहिली, कपाटाची लहान लावून पाहिली. सगळ्या दोन दिवसांत ढिल्या पडल्या.

मग दमयंतीची फणेरपेटी आठवली. तिच्या आईकडून आलेली, शिसवी, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. आत एक फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. त्या झाकणाच्या दोन पितळी बिजागऱ्या बोटाच्या पेराएवढ्या होत्या आणि इतक्या घट्ट की झाकण कुठल्याही कोनात सोडलं तरी तिथेच थांबायचं. मला हवं होतं ते हेच. स्क्रू काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. सुटं झालेलं आरशाचं झाकण मी भिंतीला टेकवून ठेवलं.

फोन झाला. जाडजूड, ओबडधोबड, पण मिटताना टक् असा आवाज यायचा. तो पहिल्यांदा ऐकला आणि मी एकटाच खोलीत मोठ्याने रडलो. ते लिहायला लाज वाटत नाही.

शेजारच्या तुळसावहिनी नारळ द्यायला आल्या तेव्हा त्यांची नजर आधी त्या आरशावर गेली.

"काय हो भावजी, पेटी मोडलीत?"

"बिजागऱ्या काढल्या. फोनला लावल्या."

"आरसा असा उघडा ठेवू नये हो तिन्हीसांजेचा." त्या घुटमळल्या. "ती तरी कुठे ऐकायची म्हणा. तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत म्हणून मी किती सांगितलं. ऐकलान कधी? कॅनिंगच्या कारखान्यात दिवसभर केस टोपीखाली, घरी आली की आधी केस मोकळे करायची. तिथेच, खिडकीखाली. दार सताड उघडं, पुढ्यात पेटी. आणि चहा दोन कप करायची."

"दोन?"

"तुमचा बशी घालून झाकून ठेवायची."

तो चहा मला ठाऊक होता. रात्री साडेअकराला पाळी सुटून आलो की तोच गरम करून ती पुढ्यात ठेवायची, आणि मी कुरकुरायचो की उकळलेला चहा परत उकळलास की कडू होतो. तो सहा वाजता केलेला असायचा हे मला आत्ता कळत होतं.

"मी रात्री येणार हे माहीत असून?"

"मी विचारलं होतं तिला. म्हणाली, एखाद दिवशी पाळी लवकर सुटली तर?"

एकवीस वर्षांत आमची पाळी एकदाही लवकर सुटली नव्हती. तुळसावहिनी गेल्यावर मी आरशावर टॉवेल टाकला आणि कामाला लागलो.

पडदा किती घड्या देतो हे कळावं म्हणून मी फोनमध्ये मोजणी बसवली होती. एका पट्टीत लोहचुंबक, दुसरीत त्याचा सेन्सर. फोन उघडून मिटला की आकडा एकाने वाढायचा, आणि घरच्या वायफायवरून तो आकडा माझ्या लॅपटॉपवर दिसायचा. सवयीने मी माझ्या घड्या कॅलेंडरवरही लिहायचो. फोन ठेवायची जागा खिडकीखालचं स्टूल, कारण चार्जरचा सॉकेट तिथे आहे. दुसरं काही कारण नव्हतं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कॅलेंडर म्हणालं दोनशे नव्वद आणि लॅपटॉप म्हणाला दोनशे सत्त्याण्णव.

सेन्सर बदलला. वायर बदलली. आठ दिवसांनी फरक सातावरून पंधरावर गेला होता. रोज बरोबर एक घडी जास्त. नोंदीतली वेळ पाहिली तर रोज संध्याकाळी सहा वाजून दहा ते वीस मिनिटं, आणि त्या वेळी मी घरात नसायचो. दमयंती गेल्यापासून तिन्हीसांजेचं घर मला सोसत नाही. साडेपाचला कुलूप लावून स्कूटरने मांडवीला जायचं, जेट्टीवर बसून होड्या बघायच्या, पुरता अंधार पडला की परतायचं, असा माझा नेम.

रविवारी मृणालीचा फोन आला.

"बाबा, फोन कसा चाललाय?"

"मोजणी एकाने चुकतेय. रोज."

"मग मोजणी बंद करा ना."

"चुकतेय की नाही तेच कळत नाही."

मग म्हणाली, "बाबा, तुम्ही इकडे या बघू काही दिवस."

तीन संध्याकाळी मी मांडवीला गेलो नाही. स्टुलासमोर खुर्ची टाकून फोनवर नजर लावून बसलो. काही झालं नाही. तिन्ही दिवस आकडा जागचा हलला नाही. चौथ्या दिवशी जेट्टीवर गेलो आणि एक घडी वाढली.

मग मी फोनमध्ये आणखी एक सोय केली. उघडला की वरच्या पट्टीतल्या कॅमेऱ्याने समोरचा एक फोटो काढायचा आणि लॅपटॉपवर पाठवायचा. पेटीचा आरसा जसा समोर बसणाऱ्याला दाखवतो, तसंच.

पहिला फोटो सहा चौदाचा. मी तो जेट्टीवरून आल्यावर, अंगातला स्वेटरही न काढता पाहिला. समोर कुणी नव्हतं. खोली रिकामी. मागे दार आणि दारापलीकडची जांभ्या चिऱ्याची पायरी, तिच्यावर मावळतीचं पिवळं ऊन. फोटो स्वच्छ होता, जराही हललेला नाही. दार मात्र सताड उघडं होतं.

मी कुलूप लावून गेलो होतो, आणि येऊन मीच ते काढलं होतं.

तरी तुळसावहिनींना विचारलं. "कुलूप होतं," त्या म्हणाल्या. "सहाच्या सुमारास मी तुळशीकडे दिवा लावत होते. समोरच दिसतं ना तुमचं दार. का हो?"

"सहज."

पुढचे पाचही फोटो तसेच. रिकामी खोली, उघडं दार, ऊन पडलेली पायरी. मी ते एकमेकांवर ठेवून ताडून पाहिले. ऊन रोज किंचित सरकत होतं, म्हणजे एकच फोटो परत परत येत नव्हता. सोल्डर तपासून झालं होतं, वायर तपासून झाली होती. डोळे तपासायला मी खरोखरच डॉक्टरकडे गेलो. नंबर अर्ध्याने वाढला होता, बाकी काही नाही.

एव्हाना पडद्याच्या घडीवर काळी रेघ उमटली होती. आधी केसाएवढी, मग सुतळीएवढी. मी स्वतः फोन उघडणं बंद केलं. उरलेल्या घड्या वाया घालवायचा मला हक्क नव्हता. पितळी बिजागऱ्या काढून परत पेटीला लावल्या तर हे थांबेल, असं एकदा मनात आलं. म्हणूनच लावल्या नाहीत.

आकडा तीनशे अठ्ठावीस झाला तेव्हा भिंगातून पडदा पाहिला. कडेचा पातळ थर तुटून वर आला होता. अनुभवावरून सांगतो, आणखी एखादी घडी. फार तर दोन.

म्हणजे एकच संध्याकाळ हातात होती, असं धरून चालायला हवं होतं. मला तिला बघायचं होतं असं नाही. खोटं कशाला बोलू, ते तर होतंच. पण त्याहून जास्त वाटत होतं की एकदा तरी त्या वेळी मी घरी असावं. समोर बसलो तर ती येत नाही. बाहेर गेलो तर मी नसतो. बराच विचार करून मी मधला मार्ग काढला. घर उघडं ठेवायचं आणि दारातल्या पायरीवर, आत पाठ करून बसायचं. वळून बघायचं नाही.

त्या दिवशी साडेपाचला मी दोन कप चहा केला. एक स्टुलावर, मिटलेल्या फोनशेजारी ठेवला. दुसरा घेऊन पायरीवर बसलो. चपला काढून उजव्या बाजूला ठेवल्या.

समोरच्या आंब्याच्या कलमांवर ऊन होतं. रस्त्याने शाळेची शेवटची बस गेली. वहिनींकडे घंटा वाजली, उदबत्तीचा वास आला. मी चहा प्यायलो आणि कप बाजूला ठेवला.

सहा दहा. काही नाही.

सहा तेरा. पाठीमागे बिजागरीचा आवाज झाला. पितळेवर पितळ घासल्याचा, बारीक. तो आवाज मी लग्नापासून ओळखतो.

मी वळलो नाही. दोन्ही हातांनी पायरीची कड धरून ठेवली.

मग केसांतून फणी फिरल्यासारखी सळसळ. लांब, सावकाश. थांबून परत. खोबरेलाचा वास आला, की आल्यासारखं वाटलं, ते सांगता येणार नाही.

"दमयंती," मी समोर बघत म्हणालो. "आज पाळी लवकर सुटली."

सळसळ थांबली.

मी वाट बघितली. किती, ते माहीत नाही. ऊन पायरीवरून खाली उतरलं.

टक्.

त्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला होता, काच तडकल्यासारखा. मी आत गेलो. फोन स्टुलावर मिटलेला होता. उघडला तर पडदा काळा, घडीवर आडवा तडा गेलेला. तीनशे एकोणतीस घड्यांवर संपला.

फोटो मात्र लॅपटॉपवर आला होता. सहा तेराचा.

समोर कुणी नव्हतं. मागे दार उघडं होतं. पायरीवर पिवळं ऊन पडलं होतं आणि पायरी रिकामी होती. माझी पाठ नव्हती. उजवीकडे चपला नव्हत्या. कप नव्हता.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. चिऱ्यातली भोकंसुद्धा मोजता येत होती. तिथे मी नव्हतो.

पुरता अंधार पडल्यावर दिवा लावला आणि कप उचलायला उठलो. पायरीवरचा माझा कप होता तिथेच होता, तळाशी थोडी चहा पावडर. मग स्टुलाकडे गेलो.

त्या कपावर बशी होती. मी बशी घेतली नव्हती, दमयंती गेल्यापासून आमच्याकडे बशी कुणी वापरतच नाही. ती उचलून पाहिली. आत चहा काठोकाठ होता, घोटभरही कमी झालेला नव्हता.