शंभर लाख कोटींची म्हैस

माझ्या सासूबाईंनी, बाळाबाईंनी, उभं आयुष्य कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकांच्या पेल्यात म्हशीची धार काढून दिली. गेल्या साली खुब्याचं हाड मोडलं, त्यांनी अंथरूण धरलं आणि शेवटची म्हैस विकावी लागली. तेव्हापासून त्यांनी जेवण टाकलं. चमचाभर पेज दिली तरी तोंड फिरवायच्या. असंच चाललं तर फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

माझा नवरा आदर्श झिंबाब्वेत साखर कारखान्यात नोकरीला आहे. दिवाळीला येताना त्यानं गंमत म्हणून तिथली एक जुनी नोट आणली. महागाई हाताबाहेर गेली तेव्हा छापलेली, शंभर लाख कोटी डॉलरची. आज तिच्यावर चहाही मिळत नाही. मागच्या बाजूला धबधबा आणि तिथली एक रानम्हैस, शिंगं कपाळावरच जुळलेली.

आईंनी नोट डोळ्यांजवळ नेली.

"उपाशी दिसतीया," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी स्वतःहून भाकरी मागितली. थोडी खाल्ली, उरलेली नोटेपाशी ठेवली.

आदर्श परत गेला. आई सुधारत गेल्या. नोटेशी हळू आवाजात बोलत राहायच्या. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माणूस जगतोय, एवढं मला पुरे होतं. एका सकाळी त्यांची वेणी घालताना त्यांच्या बोटांना ताज्या दुधाचा वास आला. मी बोटं धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. उशाशी भिंतीला टेकवलेली नोटही ओलसर लागली. भिंतीला ओल असेल, असं मी ठरवून टाकलं.

परवा कॉलेजला निघाले, तर कट्ट्यावर गणपतरावांनी हाक मारली. पूर्वी ते आईंच्या शेजारीच म्हशी उभ्या करायचे.

"मावशी चालाय लागल्या की. बरं वाटलं बघून."

"कुठं बघितलं?"

"आज पहाटं आलत्या न्हवं? म्हशीच्या मानंवर हात टाकून." ते जवळ आले. "पर ती म्हैस कुठली वो? शिंगं कपाळावरच एकात एक जुळल्याली. आमी समदी लांब सरकलो. मावशींजवळ मातूर गप हुबी व्हती."

मी तशीच मागं फिरले.

मी लावलेलं कुलूप जागच्या जागी होतं.

आई पलंगावर होत्या. पाय काडीसारखे, तसेच.

"आलीस व्हय? बरं झालं. माझं करता करता तू उपाशी जातीस. तुज्यापुरतं काढलंय. निवायच्या आत पी."

उशाशी पेला होता. फेस अजून विरला नव्हता.

मी प्यायले. त्यांनी पदरानं माझे ओठ पुसले.

तेवढ्यात पलंगाच्या पलीकडून एक जड, ऊन उसासा आला.

आईंनी तिकडं न बघताच हात मागं नेला, हवेत थोपटलं.

"घाबरू नगं," त्या म्हणाल्या. "आपलीच सून हाय ती."