मोघमराव

बायकोला ठेवलं होतं त्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. डॉक्टर म्हणाले, "आम्ही शक्य ते सगळं केलं." मी विचारलं, "म्हणजे काय केलं?" ते म्हणाले, "तुम्ही लगेच या." मी विचारलं, "ती आहे का?" तेव्हा कुठे ते सरळ बोलले. नाही.

त्या दिवसापासून सगळे असंच बोलतात. मेव्हणा म्हणतो, "दाजी, काही लागलं तर सांगा." काही म्हणजे काय, ते सांगत नाही. ताई म्हणते, "स्वतःला जप." कसं, ते विचारलं की रडते. मला वैताग येतो. बायको असती तर तिने एकेकाला समोर बसवून वाक्य पुन्हा करायला लावलं असतं.

आमची ओळखही अशाच एका वाक्यावरून झाली.

फर्निचर विकणाऱ्या कंपनीत मी प्रोग्रामर होतो. ग्राहकांशी एआय सहायक बोलायचा. त्याच्या हाताशी मी लिहिलेली टूल्स, म्हणजे एकेक काम करणारे छोटे प्रोग्राम, असायची. एक टूल ऑर्डर पुढे ढकलायचं, दुसरं रद्द करायचं. कुठलं वापरायचं ते सहायक टूलखालचं वर्णन वाचून ठरवतो. त्याला दुसरं काही दिसतच नाही. मी दोन्हींखाली लिहिलं होतं : 'ऑर्डर थांबवते.'

एक दिवस माझ्या टेबलापाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. हातात चहाचा कप, कपाळाला आठ्या. ती कंपनीत मजकूर लिहायला आलेली नवी लेखिका होती. आधी मिक्सर-इस्त्रीची माहितीपत्रकं लिहायची.

"हे 'थांबवते' तुम्हीच लिहिलंत?"

"हो... का?"

"एका नवरदेवाने सांगितलं, पलंग लग्नानंतर पाठवा. तुमच्या सहायकाने ऑर्डरच रद्द केली. नवं जोडपं जमिनीवर झोपतंय."

"अहो, पण अर्थ तर उघड आहे..."

"कुणाला? तुम्हाला. यंत्र तुमच्या मनात राहायला येत नाही." कप तोंडाला लावून तिने तोंड वाकडं केलं. "आणि हा चहा नाही, नुसतं गरम पाणी आहे. त्या मशीनवरचं लेबलही तुमचंच का?"

ते माझं नव्हतं. पण दुपारी मशीनवर चिठ्ठी दिसली : 'या बटणाने फक्त पाणी येतं. चहा हवा असेल तर हे दाबू नका.' मी ती वाचत उभा राहिलो. हसू आलं.

मग आम्ही शेजारी बसून सगळी वर्णनं नव्याने लिहिली. टूल काय करतं, कधी वापरावं, कधी वापरू नये. शेवटच्या ओळीवर तिचा फार जीव. मी कंटाळून 'इत्यादी' लिहिलं की ती पेन्सिलीने माझ्या बोटांवर टिचकी मारायची.

"मोघमराव, इत्यादी म्हणजे काय काय?"

टिचकी बसावी म्हणून मी पुढे पुढे मुद्दाम 'इत्यादी' लिहू लागलो. तिच्या ते लक्षात आलं असावं... कारण टिचक्या हलक्या होत गेल्या.

एका संध्याकाळी बाहेर भुरभुर पाऊस होता. ती पर्स आवरत होती. मी म्हणालो, "मला तू... म्हणजे आवडतेस वगैरे."

तिने पर्सची चेन अर्धीच ठेवली. "वगैरेमध्ये काय काय येतं?"

"ते... बरंच काही."

"कमाल आहे तुमची. या वाक्यावर मी काय करायचं? नीट लिहून आणा. मग बघू."

मी चिडून घरी गेलो. एवढं धाडस केलं, तर बाई दुरुस्त्या सुचवतात. पण दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी तिला एक वर्णन पाठवलं.

'नाव : नवरा. काय करतो : सकाळचा चहा करतो. भांडण झालं तरी जेवायला थांबतो. न समजल्यास विचारतो. कधी वापरावा : रोज. कधी वापरू नये : '

उत्तराऐवजी तीच आली. कान लाल झाले होते.

"मंजूर. पण शेवटची ओळ रिकामी का, मोघमराव?"

"काही सुचेना."

"राहू दे. ती मी लिहीन. आधी वापरून बघते."

लग्न झालं. पलंग आमच्याच कंपनीतून घेतला, आणि तो पोचेपर्यंत ती रोज विचारायची, "रद्द नाही ना केलास?" लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला मी त्या ओळीचं विचारायचो. ती उशीला टेकून म्हणायची, "अजून वापरतेय. घाई काय आहे?"

घाई होती, हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही.

आता सकाळी चहा दोन कप होतो. दुसऱ्याचं काय करायचं ते कुठे लिहिलेलं नाही. काल मेव्हणा पुन्हा म्हणाला, "काही लागलं तर सांगा." मी म्हणालो, "रोज सकाळी ये. माझ्याबरोबर चहा घे. काही बोललं नाहीस तरी चालेल." तो आज आला. न बोलता कप संपवला.

ते वर्णन अजून कंपनीच्या फायलींत आहे. शेवटची ओळ रिकामी आहे. ती तिने लिहायची होती. राहिली.