होळ्याचे घुंगरू

फाल्गुनातलं ऊन होतं, पण हिलालला चालायचा कंटाळा नव्हता. कचेरीचा दुभाष्या तो. लिहिणं-वाचणं येत नसलं तरी डोंगरातली बोली त्याच्यासारखी कोणाला येत नसे, म्हणून वर निरोप धाडायचा म्हणजे हिलालच. आजचा निरोप तेवढा वाईट होता. होळ्या पावरा वेड्यांच्या इस्पितळात मेला होता, आणि त्याचं गाठोडं त्याच्या बायकोला, कालीबाईला, नेऊन द्यायचं होतं.

नवे साहेब भले माणूस. वेड्यांबद्दलचा बारा सालचा नवा कायदा हातात पडला तसे त्यांनी डॉक्टरने न तपासताच डांबलेले लोक शोधून काढले, होळ्याच्या सुटकेचा हुकूमही धाडला. पण हुकूम पोचायच्या आधीच होळ्या गेला. "याला कोंडलं कशासाठी होतं?" साहेबांनी विचारलं होतं.

"बोलत नव्हता, साहेब," हिलाल म्हणाला. तेवढंच म्हणाला.

बाकीचं पोटातच राहिलं. तेव्हाही होळीच जवळ आली होती. अंगभर राख फासलेला, कमरेला घुंगरांचा पट्टा बांधलेला माणूस पोलिसांनी बाजारातून धरून आणला. हा नवसाचा बावा, हे हिलालने पाहताक्षणी ओळखलं. होळी पेटेपर्यंत खाटेला शिवायचं नाही, अंगाला पाणी लावायचं नाही. याचा नवस तर त्याहून कडक, गावच्या होळीत तो फिटेपर्यंत तोंडही उघडायचं नाही. त्याने ओठांवर बोट ठेवलं, मग घुंगरांकडे दाखवलं आणि आशेने हिलालकडे पाहिलं. जुन्या साहेबांनी विचारलं, "यांच्यात अशी काही रीत आहे का?" जेवणाची वेळ झाली होती. हो म्हटलं असतं तर आणखी दहा प्रश्न आले असते.

"नाही साहेब. वेडाच दिसतो."

दारात उभ्या भिला शिपायाने मान खाली घातली. त्यालाही ठाऊक होतं.

घाट लागला. मोहाच्या फुलांचा गोड वास दाटला होता. गाठोड्यात होळ्याचा पट्टा होता; वाटेत वाजू नयेत म्हणून हिलालने त्याच्या एकेका घुंगरात चिंधी कोंबली होती. तरी छुम वाजलं. गाठोड्यात नव्हे, पाठीमागे. तो थांबला की तेही थांबे. वळून पाहिलं तर वाट रिकामी. फक्त चुलीवर पाणी ओतावं तसा ओल्या राखेचा वास येत होता. इस्पितळात होळ्याला धरून अंघोळ घालत, खाटेला बांधत, असं त्याच्या कानावर आलं होतं. पण तोंड मात्र त्याने मरेपर्यंत उघडलं नव्हतं.

कालीबाई अंगणातच बसली होती. निरोप ऐकून ती रडली नाही.

"तो बोलना का तठे?" तिने बाजारात शिकलेल्या अहिराणीत विचारलं.

"नई."

"मंग नवस मोडना नई. जेनाकरता नवस करा, तो पोऱ्या जगी." तिने श्वास सोडला. "पन फिटना बी नई... त्याले धरं, मी कचेरीमा उनू तवय तू सांगं, का सायबले सर्व समजाडं. खरं सांग, समजाडं व्हतं ना, का हाऊ बावा शे?"

खरं बोलायला एवढी चांगली घडी पुन्हा आली नसती.

"सांगं व्हतं," तो म्हणाला. "सायबानी आयकं नई."

कालीबाई त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तो तं नई म्हनी ऱ्हायना..."

हिलालने गाठोडं पुढे केलं. तिने हात मागे घेतले. "ते आते मन्हं नई."

तो पळतच सुटला. गाठोडं अंगणातच राहिलं, याचं त्याला बरं वाटलं. घरी येऊन खाटेवर पडला. सकाळी जागा झाला तो भुईवर, आणि कमर जड झालेली. तापीबाईने, त्याच्या बायकोने, काय झालं म्हणून विचारलं. त्याला बोलायचं होतं, पण ओठ शिवल्यासारखे झाले होते.

तसाच तो कचेरीत धावला. आता सगळं सांगायचं होतं. साहेब, तो वेडा नव्हता, मी खोटं बोललो. हे भले साहेब ऐकून घेतील, एवढाच आधार उरला होता. तो समोर जाऊन सलाम करायला वाकला. कोटाखाली घुंगरू खणखणले. त्यांत एकही चिंधी नव्हती.

साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, डॉक्टरला बोलावणं धाडलं. नव्या कायद्याप्रमाणे सगळं नीट व्हायला हवं होतं. हिलालने ओठांवर बोट ठेवलं, मग कमरेकडे दाखवलं. पुन्हा पुन्हा दाखवलं.

"हे काय आहे?" साहेबांनी कळवळून विचारलं. "भिला, तुमच्याकडे अशी काही रीत आहे का?"

हिलालने आशेने दाराकडे पाहिलं. भिलाने बाहेर उन्हाकडे नजर टाकली. जेवणाची वेळ झाली होती.

"नई साहेब," भिला म्हणाला.